निष्कलंक वीराची भूल

आमचे अध्यापनाचे आयुष्य साताऱ्यास व सांगलीस गेले. दोन्ही गावच्या विद्यार्थ्यांत एक समजूत आम्हांस सारखीच आढळली: कथेतला घोडेस्वार शूर असला की तो सज्जनही असावयाचाच. ही समजूत इतिहासाने शिकविलेली नाही. अद्भुतरम्य कादंबरीने शिकविली आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या काळापासून आमचा कल्पित वीर सद्गुणांचा पुतळा होऊन बसला, आणि नव्या अद्भुतकथांतही तोच पुतळा नवे चिलखत चढवून उभा राहतो.

खऱ्या शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यारही स्वतःचे. त्याच्या हिशेबात लूट हा अपवाद नव्हता. १७४२ पासून बंगालवर मराठी स्वाऱ्या झाल्या. पुढल्याच वर्षी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी तो प्रांत रघूजी भोसल्यांकडे नेमून दिला. तिकडे आमचा बारगीर ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतातला बागुलबुवा ठरला. सांगलीकडील उदाहरण तर अधिक बोचरे आहे. १७९१ साली टिपूवरील मोहिमेत तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या पुनःस्थापनेस द्रव्य धाडले ते टिपूने! तासगावचे गणेशमंदिर उभारणारे भाऊ हेच, आणि १७९९ साली पट्टणकुडीच्या रणात पडलेलेही हेच. आता यांस नायक म्हणावे की खलनायक?

कोणी म्हणेल, कल्पित कथेच्या मानेवर इतिहासाचे हे जोखड कशाला? आमचे उत्तर असे की, जो लेखक इतिहासापासून गड, घोडा व तलवार उसनी घेतो, त्याने त्यांवरचे ऋणही पत्करावे. इंग्रजांचा मॅलरी पाहा. १४८५ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात नाइटांचा मुकुटमणी जो लान्सलॉट, तोच राणीच्या प्रेमापायी स्वामिद्रोही ठरतो. आणि म्हणूनच पाच शतके झाली तरी तो वाचकांच्या मनातून उतरत नाही.

वीराचा कलंक पुसला म्हणजे पूर्वजांचा मान राखला, हा शुद्ध भ्रम होय. त्याची किंमत तरुण वाचकास मोजावी लागते. ज्यास निष्कलंक वीरच पाहण्याची सवय जडली, तो उद्या घोड्यावर बसून येणाऱ्या पुढाऱ्याची पारख कशी करणार? पट्टणकुडीस धारातीर्थी पडताना ज्याच्या मनात शृंगेरी सलते, असा शिलेदार आमच्या कादंबरीकारांनी एकदा निर्माण करावा. शौर्य व सज्जनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मग आमच्यासारख्या मास्तरांनी वर्गात सांगावयास नको.