केबल जोडण्यापूर्वीची नोंद

लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. तळेगाव दाभाडे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेले. मावळ तालुका एकच, न्यायालयही वडगावचेच. पण जप्त झालेल्या मोबाइलला पहिली केबल कोण लावणार, कोणत्या यंत्राची लावणार आणि त्या यंत्रात सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती असणार, हे ठाण्यागणिक बदलू शकते. बंगल्याच्या खोट्या बुकिंगची फसवणूक असो की खून, फोन गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवला गेला, तर तो कोणत्या तारखेला निघाला आणि सील शाबूत होते का, हे कागदावर मिळते. त्याआधी ‘जरा बघून घेतो’ म्हणत कोणी तो कशाला जोडला होता का, हे मिळेलच असे नाही.

ही हयगय किती महाग पडू शकते, हे २०२० साली उघड झाले. कोअरलॉजिक या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी सेलेब्राइटचे यूएफईडी, म्हणजे फोनमधला डेटा काढणारे यंत्र, उलगडून पाहिले आणि त्यातले दोष प्रसिद्ध केले. सीव्हीई-२०२०-११७२३ या क्रमांकाने नोंदलेला दोष असा : यूएफईडीच्या ५.० ते ७.२९ या आवृत्त्यांमध्ये अँड्रॉइड फोनच्या एडीबीशी (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या दुव्याशी) ओळख पटवण्यासाठी चार आरएसए खाजगी किल्ल्या सॉफ्टवेअरमध्येच कायमच्या लिहून ठेवलेल्या होत्या. दुसरा, सीव्हीई-२०२०-१४४७४, यंत्रातल्या कूटबद्ध फाइलींविषयी आहे. त्या उघडण्याचे किल्ली-साहित्य काही प्रोग्रॅममध्ये आणि काही खुद्द त्या फाइलींमध्येच होते, आणि एका आवृत्तीच्या सगळ्या यंत्रांत ते सारखेच होते. म्हणजे एक यंत्र उलगडले की सगळी उलगडली. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुपित फक्त किल्लीत असावे, हे कूटलेखनतज्ज्ञ केरकॉफ्सने १८८३ सालीच लिहून ठेवले आहे. इथे किल्लीच यंत्रासोबत विकली गेली.

दुसऱ्या दोषाचा त्रास मुख्यतः उत्पादकाला. पहिला आपल्याला, फोन तपासणाऱ्यांना, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गाठतो.

अँड्रॉइड ४.२.२ पासून संगणक एडीबीने जोडला की फोन विचारतो : ‘यूएसबी डीबगिंगला परवानगी द्यायची का?’ सोबत त्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवतो. ‘या संगणकाला नेहमी परवानगी’ यावर खूण केली की सार्वजनिक किल्ली फोनमधल्या एडीबी-कीज फाइलीत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी प्रश्न येत नाही. किल्ली एकाच संगणकाची असेल तर ही फाइल भेटीगाठींची वहीच असते : कोणकोणती यंत्रे इथे येऊन गेली हे त्यातून कळते. तीच किल्ली जगभरच्या यंत्रांत वाटलेली असेल, तर ‘कोणते तरी यूएफईडी’ एवढेच कळते. शिवाय ती बाहेर काढणारा कोणीही साध्या लॅपटॉपवरून यूएफईडी म्हणून फोनपुढे उभा राहू शकतो. प्रत्येक ठाण्याची पितळी मोहर एकाच साच्याची असावी आणि तो साचा बाजारात मिळावा, मग लाखेवरचा ठसा कितीही सुबक उमटला तरी तो कोणाचा हे कोण सांगणार?

या दोषाच्या नोंदीतच लिहिले आहे की काढलेल्या किल्ल्या वापरून फोनवर पुरावा ठेवता येतो. बचाव पक्षाचा वकील हे वाक्य वाचून दाखवेल. तेव्हा घाबरून सगळे नाकारू नये आणि सगळे कबूलही करू नये. असा पुरावा ठेवण्यासाठी फोन हातात लागतो, डीबगिंग चालू असावे लागते आणि ती किल्ली आधी स्वीकारलेली असावी लागते. रूट न केलेल्या फोनवर एडीबीच्या शेल वापरकर्त्याला व्हॉट्सॲपच्या खासगी डेटाबेसला हात लावता येत नाही. पण डाउनलोड किंवा कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये चित्र ठेवता येते. अशा फाइलीची ‘बदलल्याची वेळ’ ठेवणाऱ्याला आधीच ठरवता येते. म्हणून एकट्या त्या वेळेवर विसंबू नये. मीडियास्टोअरमधली नोंद, चित्राचा एक्झिफ आणि ॲपच्या स्वतःच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.

दुसऱ्याच्या यंत्रात फाइल ठेवली गेली, हा युक्तिवाद पुण्याला नवा नाही. एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर या घुसखोर प्रोग्रॅममार्फत कागदपत्रे ठेवली गेली, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ साली दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. तिथला मार्ग वेगळा होता, तपासाच्या साधनाशी त्याचा संबंध नव्हता. तरी प्रश्नाचा साचा हाच असतो, आणि उलटतपासणीत तो आता सहज विचारला जाईल.

आपले ठरलेले उत्तर असते हॅश. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात हॅश आणि त्याची पद्धत लिहायची असते. भाग ‘अ’ पक्षकाराचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. जालन्याच्या निवडणूक वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जुन्या कायद्याखालचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, तेव्हापासून आपण त्या कागदाबाबत दक्ष झालो. ते बरेच झाले. पण हॅश बोलतो ते डंप, म्हणजे फोनमधून काढलेली डेटाची प्रत, तयार झाल्यानंतरचे. हार्ड डिस्क राइट-ब्लॉकरमागे ठेवून दोनदा प्रतिमा घेतली तर हॅश जुळतो. चालू अँड्रॉइड फोनचे दुसऱ्यांदा एक्स्ट्रॅक्शन केले तर सहसा जुळत नाही, कारण फोन जागा असतो आणि स्वतःच लिहीत असतो. जप्ती आणि डंप यांच्या मधल्या काळाविषयी हॅश मुका आहे, आणि वाटलेल्या किल्लीचा धोका नेमका त्याच काळातला आहे.

म्हणून आमचा आग्रह एका नोंदीपुरता आहे : पहिली केबल जोडली तेव्हा परवानगीचा प्रश्न पडद्यावर आला की नाही आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचेच आहे. तोच कॅमेरा फोन जोडताना पडद्यावर धरायला वेगळा निधी लागत नाही. प्रश्न आला, तर किल्लीचा ठसा टिपून घ्या. तो न येताच जोडणी झाली, तर ही किल्ली फोनने आधीच पाहिलेली आहे. मग थांबा, ते लिहा आणि आधी कोणी जोडला होता ते ठाण्याला लेखी विचारा. (अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न वापरलेली परवानगी आपोआप रद्द होऊ शकते, त्यामुळे प्रश्न आला म्हणजे फोन कोराच होता, असेही नव्हे.) पूर्ण फाइल सिस्टिम मिळत असेल तर एडीबी-कीज फाइल वेगळी काढून तिचा हॅश नोंदवा. साध्या लॉजिकल एक्स्ट्रॅक्शनमध्ये ती दिसणार नाही. काम संपल्यावर ‘यूएसबी डीबगिंगच्या परवानग्या रद्द करा’ हे बटण नीटनेटकेपणा म्हणून दाबण्याची सवय कोणाला असेल, तर ती आजच सोडावी. त्या एका दाबात ती वही पुसली जाते.

 

जुन्या यंत्रांचाही विचार व्हावा. २०१९ साली वापरलेली यूएफईडी यंत्रे ईबेवर जेमतेम शंभर डॉलरपासून विकली जात असल्याचे फोर्ब्सने दाखवून दिले. काहींत आधीच्या प्रकरणांचा डेटाही उरला होता. परवाना संपलेले यंत्र आपल्याकडे कपाटात पडून असेल, तर ते निर्लेखनाच्या ढिगात जाऊ देऊ नका. आतली साठवण नष्ट करून तसा पंचनामा ठेवा. नवे घेताना निविदेत तीन गोष्टी लेखी मागा : किल्ल्या प्रत्येक यंत्रागणिक वेगळ्या आहेत का, त्या कुठे साठवतात आणि दोष उघड झाल्यास विक्रेता किती दिवसांत कळवेल. विक्रेत्याने ‘व्यावसायिक गुपित’ असे उत्तर दिले, तर तेही फाइलला लावा. न्यायालयात ते आपल्याच उपयोगी पडेल.

पहिल्या जोडणीच्या नोंदीचा एक पानी मराठी नमुना पुढच्या अंकात देत आहोत. ज्यांच्याकडे असा तक्ता आधीच वापरात आहे, त्यांनी गुन्हा क्रमांक आणि नावे खोडून तो महिनाअखेरपर्यंत पाठवावा.