इंजिन बदलावं की रस्ता?

माझा घरचा संगणक २०१३ सालचा आहे. इंटेलचा कोअर आय-थ्री ३२२०, दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. घेतला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता बारावीला आहे. सकाळी बटण दाबायचं, फज्रनंतरचा चहा ठेवायचा, चहा पिऊन झाला की वर्डची फाइल उघडलेली असायची. मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि तेवढाही धीर घरात राहिला नाही.

दुकानदार म्हणाला, "सर, प्रोसेसर संपलाय याचा." मुंबईचा भाचा म्हणाला, "मामू, लॅमिंग्टन रोडवर जुना आय-फाइव्ह मिळतो, याच सॉकेटवर बसतो. चार कोअर होतील." भाच्याचं चुकीचं नव्हतं. ३२२० ज्या एलजीए ११५५ सॉकेटवर बसतो, त्यावरच आय-फाइव्ह ३४७० सुद्धा बसतो, फक्त बायॉस बघून घ्यावं लागतं. पैसे मी जवळजवळ काढलेच होते.

मग एका रात्री टास्क मॅनेजर उघडून बसलो. वर्गात सांगतो ना मुलांना, आधी उदाहरण नीट वाचा, तसं. प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर आरामात. रॅम भरलेली. आणि डिस्क सतत शंभर टक्के! म्हणजे ज्याला मी निवृत्त करायला निघालो होतो, तो बिचारा हात बांधून फाइल येण्याची वाट बघत होता.

कशेडीच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. नवीकोरी गाडी असो की खटारा जीप, घाटात पुढे मालाचा ट्रक आला की सगळे त्याच्याच चालीने. बोगदा झाला तेव्हा कुणी इंजिनं बदलली नव्हती, तरी खेडला जायचा वेळ उतरला. माझ्या संगणकाला इंजिन नको होतं, बोगदा हवा होता.

दुसरी गोष्ट माझ्या विषयातली. नस्तालिकमध्ये अक्षराचं रूप शेजारच्या अक्षरावर ठरतं आणि शब्द उतरंडीने खाली येतो. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालिक तयार केलं, तेव्हा त्यासाठी सुमारे वीस हजार जोडरूपं बनवावी लागली. त्या काळच्या यंत्रांवर वर्तमानपत्रं निघाली. मग माझ्या सहावीच्या घटक चाचणीला दोन कोअर कमी पडतात, हे मी कसं मानू?

खरी अडचण वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे २०१७ नंतरचे प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.०. म्हणजे भाच्याचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह टाकूनही दार बंदच राहणार. उंबरठा ओलांडायचा तर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं, म्हणजे वीस हजारांच्या पुढे. चालतं यंत्र कधी मेलं हे दूरच्या कंपनीने ठरवायचं आणि जनाजा आम्ही उचलायचा, हे मला पटत नाही. पण "काही होत नाही हो" म्हणत त्याच विंडोजवर बँकेचे व्यवहार करणारे माझे मित्र आहेत, त्यांच्याशीही मी सहमत नाही. सुरक्षेची भोकं कंपनीच्या लोभामुळे बुजत नाहीत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा मिळते, ती निदान घ्यावी.

मी एक एसएसडी आणि ८ जीबीची डीडीआर-३ रॅम घेतली. आय-फाइव्हपेक्षा थोडे जास्त गेले, नव्या संचाच्या मानाने काहीच नाही. पंख्याखालची दहा वर्षांची धूळ काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. इंटरनेटसाठी लिनक्स टाकलं. त्यात नोटो नस्तालिक आणि मराठी युनिकोड दोन्ही छान चालतं. चहा आता संगणकानंतर होतो.

जुनं विंडोज मात्र इंटरनेट तोडून एका कोपऱ्यात ठेवलंय, इनपेजसाठी. अठरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात आहेत, आणि माझ्या नानीने सांगितलेली लग्नातली कोकणी गाणी, जी मी उर्दू लिपीत उतरवून घेतली होती. नानी आता नाही. त्या जुन्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सरळ उघडत नाहीत. मराठीतही ज्यांनी जुन्या श्रीलिपीत आयुष्यभर लिहिलं, त्यांना ही धास्ती ठाऊक असेल. प्रोसेसरच्या वादात मी दोन महिने घालवले आणि या फाइलींकडे बघितलंही नव्हतं.

रोज रात्री मुलीचा अभ्यास आटोपला की एक गाणं युनिकोडमध्ये आणतो. बदलताना 'ये' आणि 'हे' हमखास बिघडतात, ते हाताने दुरुस्त करावे लागतात. सदतीस गाण्यांपैकी अकरा झालीत.