गडचिरोलीत नर्सबाई म्हणजेच दवाखाना. मग सगळा राग तिच्यावरच का निघतो?

२२ मार्च २०२०. संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. डॉक्टर आणि नर्स 'कोविड योद्धे' झाले.

मग आला ६ नोव्हेंबर २०२१ चा दिवस. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. काही दिवसांतच हलगर्जीपणाच्या आरोपाखाली अटक झाली ती एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना. वायरिंग आणि आग विझवायची यंत्रणा नर्सच्या अखत्यारीत येते का, असा सवाल परिचारिका संघटनांनी तेव्हा केला होता.

आधी फुलं, मग बेड्या. नर्सकडे बघायच्या आपल्याकडे जणू या दोनच नजरा आहेत, एकतर देवी नाहीतर दोषी. या दोन्हींच्या मध्ये एक नोकरी असते, तिच्या वेळा असतात, पगार असतो आणि माणसांची मोजदाद असते. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ही मधली गोष्ट समजून घ्यायची असेल, तर चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे बघायला हवं.

आधी नकाशा बघा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती साधारण १० लाख ७३ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये फक्त ७४ माणसं. चंद्रपूरमध्ये हाच आकडा १९३ च्या आसपास येतो, तर अख्ख्या राज्याची सरासरी ३६५ आहे.

आता सरकारी निकष बघू. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक. कागदावर गडचिरोलीला सवलत मिळालेली दिसते. पण हिशोब करून बघा. राज्याच्या सरासरीने ५,००० माणसं साधारण १४ चौरस किलोमीटरमध्ये सापडतात. गडचिरोलीत ३,००० माणसं गाठायला सुमारे ४० चौरस किलोमीटर फिरावं लागतं. माणसं कमी झाली, पण पायपीट जवळपास तिप्पट झाली.

ही पायपीट डांबरी रस्त्यावरची असेलच असंही नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि हे जवळपास दरवर्षी होतं. नाले भरले की टोले-पाडे आणखी दूर जातात.

या ४० चौरस किलोमीटरमध्ये आरोग्य खात्याचा रोजचा चेहरा म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका, गावाच्या भाषेत नर्सबाई. गरोदर बायकांची नोंद, लसीकरण, तापाच्या रुग्णाचं रक्त घेणं, मलेरियाच्या गोळ्या, सिकलसेलची तपासणी, बाळंतपण, कुटुंब नियोजन आणि या सगळ्याच्या रजिस्टरमधल्या आणि ऑनलाइन नोंदी. मदतीला आशा असतात, काही ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. तरी काही चुकलं की गाव विचारतं ते नर्सबाईलाच.

जी समोर असते, तीच सापडते

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातली एक बातमी देशभर गेली. तापाने दगावलेल्या दोन लहान भावांचे मृतदेह आईवडिलांनी खांद्यावर घेतले आणि जंगलातून, चिखलातून गाव गाठलं. मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, नंतर जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात. तिथे वेळेवर रुग्णवाहिका नव्हती.

या एका घटनेत किती गोष्टी आहेत बघा. रस्ता नाही, गाडी नाही, दवाखान्याआधी पुजारी आठवतो इतका जुना अविश्वास आहे. यातली एकही गोष्ट ड्युटीवरच्या नर्सच्या हातात नसते. रुग्णवाहिका मुख्यालयातून ठरते, रस्ता मंत्रालयातून आणि रिक्त पद वित्त विभागातून. पण मंत्रालय गावात येत नाही. रात्री दोन वाजता दार वाजवायला जी सापडते, ती नर्सबाई. त्यामुळे यंत्रणेवरचा रागही तिच्याच दारात येऊन थांबतो.

ही नजर आली कुठून?

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. पुढे १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा समाजातून विरोध झाला. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, रक्त आणि मलमूत्र साफ करणं, रात्री घराबाहेर राहणं ही कामं 'चांगल्या घरच्या' बाईची नाहीत, असं मानलं जायचं. त्यामागे जातीची शिवाशिव होती आणि बाईवरचा पहाराही होता.

शंभर वर्षांनी शिवाशिवीची भाषा बदलली, पण संशय पूर्ण गेला नाही. रात्रपाळी करणाऱ्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की तो आजही डोकं वर काढतो. दुसरीकडे 'सेवा' या शब्दाचंही ओझं आहे. सेवा करणारीने पगार मागितला, रजा मागितली किंवा संप केला की ती लगेच स्वार्थी ठरते. बँकेच्या कर्मचाऱ्याला हा टोमणा सहसा ऐकावा लागत नाही.

एका रुग्णाला १६ मिनिटं

भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषानुसार साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. ३० खाटांच्या वॉर्डात या हिशोबाने सहा नर्स लागतात.

समजा, रात्रपाळीला एकच आहे. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. ३० रुग्णांत वाटली तर प्रत्येकाला १६ मिनिटं येतात. त्यात सलाइन, इंजेक्शन, बीपी, ताप, केसपेपरवरच्या नोंदी, नवीन ॲडमिशन, डॉक्टरांना फोन आणि नातेवाईकांचे प्रश्न. एखादा रुग्ण गंभीर झाला की उरलेल्या २९ जणांची मिनिटं तिकडे जातात. मग 'तीन वेळा बोलावलं तरी सिस्टर आली नाही' ही नातेवाईकाची तक्रार खरी असते आणि सिस्टर एका जागी बसलेली नव्हती, हेही तितकंच खरं असतं.

देशाचं चित्रही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा म्हणून दर हजारी तीन नर्सचा निकष सांगितला जातो. भारतात हा आकडा दोनच्या आसपास असल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे.

पगार एकच नाही, भरवसाही नाही

एकाच दवाखान्यात दोन नर्स शेजारी उभ्या असतात. काम सारखंच, पण एक कायम आणि दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोताने होणाऱ्या भरतीविरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. जुलै २०२५ मध्ये वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरतीचा मुद्दा घेऊन त्या पुन्हा आझाद मैदानात आल्या आणि १८ जुलैपासून बेमुदत संप झाला. पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, अभियानातले कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्यासाठी संपावर गेले.

दुर्गम भागात याचा फटका दुप्पट बसतो. ज्या नोकरीचा पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, तिच्यासाठी एटापल्ली किंवा कोरचीत घर कोण मांडणार?

तक्रार खोटी असते का?

नाही. प्रसूतिगृहात ओरडणं, टोमणे मारणं, आदिवासी बाईच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणं हे प्रकार घडतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने आणलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याचा मुद्दा मुद्दाम घालावा लागला, तो त्यामुळेच.

गडचिरोलीत यात भाषेचाही पेच आहे. कुठे माडिया, कुठे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडच्या वसाहतींत बंगाली. बाहेरून बदली होऊन आलेल्या नर्सला 'कुठे दुखतंय' हे विचारायलाही तिसऱ्याची मदत लागते. बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राजवळ राहता यावं म्हणून 'माहेरघर' योजना आहे. पण घरदार, शेत आणि लहान मूल मागे सोडून ये, हे परक्या भाषेत कसं पटवणार?

कायदा आहे, पण...

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्या पुढची ४२ वर्षं त्याच रुग्णालयात पडून होत्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. इतकी वर्षं त्यांना सांभाळलं ते केईएमच्याच परिचारिकांनी. कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची आठवण काढली.

महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरोधात कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण हा कायदा हल्ला झाल्यावर कामाला येतो. उपकेंद्रात रात्री एकट्या असलेल्या बाईला त्याआधी लागतं ते दाराला नीट कडी, लाईट, मोबाइलला रेंज आणि सोबतीला एक माणूस.

उत्तरही इथलंच

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे हीच पद्धत आशांच्या कामातून देशभर गेली. या कामामागे मोठी इमारत नव्हती. माणूस गावचा होता, भाषा गावची होती, प्रशिक्षण पक्कं होतं आणि कामावर नियमित देखरेख होती.

चंद्रपूरला २०१५ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, गडचिरोलीला २०२४ मध्ये. दोन्हीकडे बातम्या झाल्या त्या डॉक्टरांच्या जागांच्या. पण मेडिकल कॉलेज म्हटलं की तीन रुग्णांमागे एक नर्स हा निकषही सोबत येतो. त्यामुळे पुढच्या वेळी नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा फोटो दिसला की कमेंटमध्ये तीन प्रश्न विचारता येतील. नर्सची किती पदं मंजूर आहेत? त्यातली किती भरली आहेत? आणि भरलेल्यांपैकी किती कायम आहेत?