धातुकाम द्रवांची कार्यस्थळ मर्यादा

लेथ, मिलिंग व ग्राइंडिंग यंत्रांवर धातू कापताना हत्यार थंड व वंगणयुक्त ठेवणाऱ्या द्रवांना धातुकाम द्रव म्हणतात. कारखान्यांत ते 'कूलंट' किंवा 'कटिंग ऑइल' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या धुक्याने दमा व फुप्फुसदाह, तर स्पर्शाने त्वचादाह होऊ शकतो.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुसरी अनुसूची समाविष्ट झाली. तीत खनिज तेलाच्या धुक्याची आठ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मिलिग्रॅम होती. अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेने १९९८ मध्ये सर्व धातुकाम द्रवांसाठी त्याच्या एक-दशांश, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम मर्यादा सुचवली. पाणीमिश्रित द्रवांत जिवाणू वाढतात. खनिज तेलाच्या मापाने हा धोका कळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. मात्र जुन्या अधिनियमाप्रमाणेच तिच्याही कक्षेत १० पेक्षा कमी कामगारांच्या कार्यशाळा साधारणपणे येत नाहीत. परिणामी कडा (ता. आष्टी, जि. बीड) यांसारख्या गावांत दोन-तीन कामगारांनिशी चालणाऱ्या लेथ कार्यशाळेस आकडा कितीही कडक केला तरी संरक्षण मिळत नाही. तेथे यंत्रावरील आडोसा, खेळती हवा व वेळेवर द्रव बदलणे हेच मुख्य उपाय उरतात.