कलप आणि चष्मा

लग्नसराई आली की घराघरांत कलपाच्या वाट्या निघतात. वरमाईच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी राहिलेली काळी रेघ पाहुणेमंडळी बरोबर टिपतात. केस रंगवावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पाकिटातल्या ‘काळ्या मेंदी’बद्दल मात्र बोलायला हवं. मेंदीचा पाला लालसर-केशरीच रंगतो. काळेपणा येतो तो बहुतेकदा पीपीडी या रसायनामुळे. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या पापण्या टम्म सुजतात, कपाळाला खाज सुटते. म्हणून आधी कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहा, अशी सूचना पाकिटावर बारीक अक्षरांत असते. पण ती वाचायला चष्मा लागतो, आणि नेमका तोच लावायचा नसतो! या अंकात सुरकुत्यांवरच्या महागड्या क्रीमांची झाडाझडती आहेच. शिवाय साठीनंतर कलपाला रामराम ठोकलेल्या वाचकांची खुसखुशीत पत्रंही.