डब्याचा कायदा कीं तेलाचा?

सन १९९८ च्या ऑगस्ट महिन्यांत दिल्लींत पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलानें भेसळलेलें मोहरीचें तेल खाऊन साठांहून अधिक माणसें दगावलीं. पाय सुजत, धाप लागे, हृदय थकून जाई. सरकारनें जागें व्हावें हें योग्यच होतें, आणि तें झालेंही. पण जागें होऊन केलें काय? त्याच वर्षीं सप्टेंबरांत हुकूम निघाला कीं, खाद्यतेल म्हणून जें जें विकावयाचें तें मोहोरबंद वेष्टनांतूनच विकलें पाहिजे. २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही हीच अट कायम राहिली. विष होतें तेलांत. बंदोबस्त झाला डब्याचा!

मोहरीचें तेल हा विदर्भाच्या स्वयंपाकघराचा नित्याचा विषयही नव्हे. येथील घाणीवर तीळ, जवस, भुईमूग यायचे. परंतु हुकूम सर्वांस सारखाच. समजा, वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील एखादी गृहिणी बरणी घेऊन शेजारच्या घाणीवर गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत निघालेलें तेल घाणीवाल्यानें त्या बरणींत मोजून ओतलें. कायद्याच्या दृष्टीनें तो अपराधी ठरतो. तेंच तेल छापील चिठ्ठीच्या बाटलींत तीन महिने ठेवून त्यानें विकलें असतें, तर तो निर्दोष! राज्य सरकारांस विशिष्ट काळापुरती सूट देतां येते, हें आम्हांस ठाऊक आहे. पण सूट ही मेहेरबानी झाली, हक्क नव्हे.

आणि हें व्हावें वर्ध्यांत! अखिल भारत ग्रामोद्योग संघानें १९३४ नंतर जेथें ठाण मांडलें, जेथें कुमारप्पा चिटणीस होते आणि झवेरभाई पटेलांनीं जुनी बैलघाणी सुधारून ‘वर्धा घाणी’ सिद्ध केली, ती मगनवाडी याच गांवांत आहे.

नियमाचे कैवारी म्हणतील, मोहोर असली म्हणजे भरणाऱ्याचें नांव सांपडतें, चोर धरतां येतो. हा मुद्दा वजनदार आहे. जेथें तेल शेंकडों मैलांवरून टाकीच्या गाडींतून येतें आणि खाणाराला गाळणाराचें तोंडही ठाऊक नसतें, तेथें आम्हीही मोहोरेचा आग्रह धरूं. परंतु घाणीवाल्याचें दुकान हाच त्याचा पत्ता. त्याला शोधावयास चिठ्ठी कशाला?

कायद्यानें प्रश्न विचारावयाचा तो तेलाला विचारावा. धोत्र्याचा अंश आहे काय? आम्लता मर्यादेंत आहे काय? खनिज तेल मिसळलें आहे काय? थोडें नत्राम्ल घालून हलविलें कीं धोत्र्याची भेसळ बहुधा तांबूस-नारिंगी रंगानें आपण होऊन बोलूं लागते. शंका उरली तर पुढें प्रयोगशाळा आहेच. या परीक्षेला डब्याचा आकार विचारावा लागत नाहीं.

मात्र ‘परिणाम पाहा, पद्धत आमच्यावर सोडा’ अशी जी हाकाटी मोठे कारखानदार करतात, तिच्याशीं आमचा सूर जुळला असें कोणीं समजूं नये. मोजणारा नेमल्यावांचून नियम काढून टाकणें म्हणजे पहारेकऱ्याला घरीं पाठवून वर कुलूपही काढणें होय. तेलाचा अखेरचा परिणाम माणसाच्या हृदयावर दिसतो, आणि तो तेथें दिसेपर्यंत वाट पाहण्याचें फळ दिल्लीनें भोगलें आहे. म्हणून आम्ही परिणाम म्हणतों तो ताटांत पडण्यापूर्वींच्या तेलाचा.

तेव्हां प्रत्येक तालुक्यास एक तपासनीस द्या. त्यानें न कळवितां घाणीवर यावें, नमुना घ्यावा आणि निकाल मराठींत दुकानाच्या दारावर लावावा. दोषी ठरेल त्याची घाणी बंद करा. तेथें आम्ही दयेची भीक मागणार नाहीं. या तपासनिसाचा पगार कोणीं द्यावयाचा, असें लगेच विचारलें जाईल. सरकारनें द्यावा. आज बाटली, मोहोर आणि चिठ्ठी यांचा खर्च ती बोरगावची गृहिणी देतच आहे, आणि आंतील तेल कसें आहे हें तिला अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं.