जिंकायचं असतं म्हणून

व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट वर्षातून दोनदा तरी फिरत येते. गतिमंद मुलांची शंभर मीटरची शर्यत. शिट्टी होते, मुलं धावत सुटतात आणि मध्येच एक लहानगी पडते. बाकीची सगळी थांबतात, मागे फिरतात, तिला उठवतात आणि हातात हात घालून एकदम अंतिम रेषा ओलांडतात. प्रेक्षक उभे राहून डोळे पुसतात. खाली जोडलेल्या हातांची रांग. गोष्टीतलं गाव मात्र बदलत असतं, कधी सिएटल, कधी हैदराबाद.

मूळ घटना १९७६ सालची आहे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातल्या स्पर्धेतली. एक धावपटू पडला. एक-दोघं मागे वळली, त्याला उठवलं आणि त्याच्यासोबत रेषेपर्यंत गेली. बाकीचे धावत राहिले, कारण शर्यत चालू होती. हे खरं रूप मला फिरत्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. कुणाला मित्र महत्त्वाचा वाटला, कुणाला पहिला नंबर. चारचौघांत होतं तसंच झालं. फिरत्या गोष्टीनं मात्र सगळ्यांना एकाच साच्यातले देवदूत करून टाकलं आणि जिंकायची इच्छाच त्यांच्याकडून काढून घेतली.

ही मुलं खेळतात तरी कशासाठी, असं मला मागे एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं. प्रश्न वाईट हेतूनं नव्हता. उत्तरंही त्यांनीच दिली: स्नायू बळकट होतात, लक्ष एकाग्र होतं, शिस्त लागते, आत्मविश्वास वाढतो. यातलं काहीच खोटं नाही. पण सकाळी रत्नागिरीत मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमवर बॅट घेऊन निघालेल्या पोराला कुणी अडवून विचारत नाही, की बाळा, मेंदूच्या विकासासाठी चाललास का? तो खेळायला चालला आहे, एवढं पुरतं. गतिमंद मुलाच्या खेळाला मात्र औषधासारखा काहीतरी गुण दाखवावा लागतो, तेव्हा कुठे आपण त्याला मैदान देतो.

आपल्या गावात आणखी एक गोंधळ आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत, त्यामुळे ‘डोक्याचं काहीतरी’ म्हटलं की सगळं एकाच खात्यात जमा होतं. मानसिक आजार कुणालाही कुठल्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक अक्षमता लहानपणापासूनची असते. त्या मुलाची समज हळू वाढते, बोलणं, हिशेब, रस्ता ओलांडणं शिकायला वेळ लागतो. गोळी देऊन ती ‘बरी’ होत नाही, शिकवून माणूस पुढे जातो. आविष्कार संस्थेचं सविता कामत विद्यामंदिर आणि प्रौढांसाठीची शामराव भिडे कार्यशाळा हेच काम इथे करत आली आहेत. दिवाळीच्या आधी त्यांच्या पणत्या आणि आकाशकंदील घेणारे रत्नागिरीकर पुष्कळ आहेत. तीच मंडळी धावतात कशी, हे पाहिलेले त्या मानानं फार थोडे.

जागतिक दिव्यांग दिनाच्या, म्हणजे ३ डिसेंबरच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात. पन्नास मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, सॉफ्टबॉल फेक असे साधे प्रकार. अशा एका मैदानावर मी एका शाळेच्या बाईंना विचारलं, तुम्ही अंतिम रेषेवर उभं न राहता पाच पावलं मागे का उभ्या आहात? त्या म्हणाल्या, “पोरं रेषेकडे धावत नाहीत हो, माझ्याकडे धावतात. मी रेषेवर थांबले तर ती रेषेच्या अलीकडेच वेग कमी करतात.” क्रीडाशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे असेल की नाही, देव जाणे. शिट्टीच्या आवाजानं दचकणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी हात खाली करून इशारा द्यायचा. आपली पट्टी सोडून शेजारच्या पट्टीत शिरणारी असतात. त्यांचा सराव आधी चालत, मग हळू पळत, मग जोरात. एक साधी धाव शिकवायला महिने जातात आणि पावसाळ्यात आपल्याकडे मैदानाचं तळं झालं की शिकवलेलं अर्धं पुसून जातं.

मुलांनाही विचारलं, कशाला आलात? एकाला बसमधून यायचं होतं. एकीला नवा टी-शर्ट मिळाला होता आणि त्यावर नंबर होता. दोघींना एकमेकींशेजारी बसायचं होतं. आणि एका उंच मुलानं दुसऱ्या शाळेच्या मुलाकडे बोट दाखवून सांगितलं, “त्याला हरवायचंय.” अभ्यासकांनी हा प्रश्न थेट खेळाडूंनाच विचारला, तेव्हाही अशीच उत्तरं पुन्हा पुन्हा आली आहेत: मजा येते, मित्र भेटतात, मला हे जमतं, पदक मिळतं. स्नायूंचं बळकटीकरण क्वचितच कुणी सांगतं.

त्या दिवशी चौथा आलेला एक मुलगा जेवायला तयार नव्हता. सगळे त्याला समजावत होते, अरे, तुम्ही सगळेच पहिले! तो मान हलवत होता. त्याला शंभरापर्यंत आकडे येत असतील-नसतील, पण आपल्यापुढे तिघं होते हे त्यानं पाहिलं होतं. ‘सगळेच पहिले’ हे वाक्य आपल्या सोयीचं आहे, त्याच्या नव्हे. त्याला पुढच्या वर्षी जोरात पळायचं होतं आणि तसं त्याला सांगणारं त्या घोळक्यात कुणी नव्हतं.

बौद्धिक अक्षम खेळाडूंच्या स्पर्धा भरवणाऱ्या स्पेशल ऑलिम्पिक्सवाल्यांनी हरण्या-जिंकण्याच्या या प्रश्नाचं उत्तर फार शहाणपणानं काढलं आहे. ही चळवळ युनिस केनेडी श्रायव्हर यांची, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षम होती. १९४१ साली, तेविसाव्या वर्षी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली गेली आणि होतं तेवढंही चालणं-बोलणं गेलं. पैसा, सत्ता, डॉक्टर सगळं हाताशी असलेल्या घरातली ही कथा. लहानपणी पोहणाऱ्या, बहिणीबरोबर होडीच्या शर्यतीत उतरणाऱ्या रोझमेरीला युनिसनं पाहिलं होतं. १९६२ साली त्यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. या मुलांना पाण्यात उतरवू नये, दमवू नये, असं मानण्याचा तो काळ. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिल्या स्पर्धा झाल्या तेव्हा सुमारे हजार खेळाडू आले होते. दुसरा भाऊ रॉबर्ट याची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं त्यांना ‘ऑलिम्पिक्स’ हे नाव वापरायला अधिकृत मान्यता दिली.

त्यांच्या नियमांतली खरी गंमत गट पाडण्यात आहे. आधी प्राथमिक फेरी होते. त्यातल्या वेळेवरून, वयावरून आणि मुलगा-मुलगी पाहून गट पाडतात, असे की गटातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू खेळाडूत साधारण पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. मग अंतिम शर्यत. म्हणजे वीस सेकंदांत शंभर मीटर धावणारा आपल्यासारख्यांशीच भिडतो आणि चाळीस सेकंद लागणाराही. दोन्हीकडे चुरस खरी, सुवर्ण खरं, चौथा नंबरही खरा. पदक पहिल्या तिघांना, त्यापुढे आठव्यापर्यंत रिबिनी. यावर पळवाट निघू शकते. प्राथमिक फेरीत मुद्दाम रमतगमत पळायचं आणि सोप्या गटात शिरून सुवर्ण न्यायचं. म्हणून तोही नियम आहे: प्राथमिक फेरीच्या मानानं अंतिम फेरीत कुणी संशय यावा इतका सुधारला, तर तो बाद होऊ शकतो. निष्पाप देवदूतांसाठी असला नियम कुणी केला नसता. तो खेळाडूंसाठी, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या प्रशिक्षकांसाठी केला आहे.

लबाडीचा विषय निघालाच आहे तर सिडनीचं सांगायला हवं. २००० सालच्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षम खेळाडूंच्या बास्केटबॉलचं सुवर्ण स्पेननं जिंकलं. पुढे उघड झालं की संघातल्या बारा खेळाडूंपैकी दहा जणांना कुठलीच अक्षमता नव्हती. खेळाडू म्हणून संघात शिरलेल्या एका पत्रकारानंच ते फोडलं. पदकं परत गेली, ते ठीक. पण त्यानंतर बौद्धिक अक्षम खेळाडूंचे सगळेच प्रकार पॅरालिम्पिकमधून काढून टाकले गेले आणि ते २०१२ च्या लंडनपर्यंत परत आले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. एका पिढीच्या ऐन धावायच्या वयातली बारा वर्षं गेली. आजही पॅरालिम्पिकमध्ये त्यांना अॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत जागा आहे.

त्याच फटीतून आपली दीप्ती जीवनजी आली. तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची, शेतमजुराची मुलगी. गावकरी तिला वेडी म्हणायचे, हिला अनाथाश्रमात टाका असं आईबापांना सांगायचे. घर चालवायला बापाला जमीन विकावी लागली. मे २०२४ मध्ये जपानच्या कोबे इथे तिनं चारशे मीटर ५५.०७ सेकंदांत धावून आपल्या गटाचा जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं. आशियाई पॅरा स्पर्धेतल्या सुवर्णाच्या बक्षिसातून घरच्यांनी गेलेली जमीन परत घेतली. आता हिला विचारा खेळतेस कशासाठी!

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या २०२३ च्या बर्लिन स्पर्धेतून भारतानं २०२ पदकं आणली, त्यातली ७६ सुवर्ण. त्याआधी २०१९ मध्ये अबू धाबीहून ३६८. या आकड्यांवर आपल्या वर्तमानपत्रांनी (यात मीही आलो) किती ओळी खर्च केल्या, ते न सांगितलेलं बरं.

मात्र खेळाच्या उत्साहात एक काळजी घ्यायलाच हवी. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात. अशा मुलाला कोलांटउडी मारायला लावणं किंवा पाण्यात सूर मारायला लावणं धोक्याचं ठरू शकतं. या मुलांत जन्मजात हृदयदोषही बऱ्याच प्रमाणात आढळतो. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी, मग सराव. दुसरं असं की दुखतंय हे सगळ्यांना सांगता येत नाही. दाढ किडलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला, बूट चावतोय आणि घरी समजतात, पोरगं हट्टी झालंय. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धांत दात, डोळे, कान तपासण्याचे तंबू लावतात ते याचसाठी.

खरा पेच अठरा वर्षांनंतर सुरू होतो. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. काहींना कार्यशाळेत जागा मिळते, बाकीचे घरी. लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या वाड्यांतल्यांना तर एसटीच्या एका फेरीवर दिवस बेतावा लागतो, ते रोज कुठे येणार? एक आई मला म्हणाली, “शाळा होती तवर दमून यायचा, आता दिवसभर टीव्ही. वजन वाढलं. मित्र तर सगळे शाळेतलेच होते.” मित्र म्हणजे वर्गातले आणि संघातले. वर्ग गेला, संघ गेला, की उरतात आईवडील, आणि तेही म्हातारे होत असतात. प्रौढ बौद्धिक अक्षम माणसानं खेळावं ते मुख्यतः यासाठी असं माझं मत आहे: आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्याची वाट पाहत असावं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा, त्याच्या तिसाव्या कलमात दिव्यांगांच्या क्रीडा सहभागासाठी सरकारनं पावलं उचलावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. सरकार उचलेल तेव्हा उचलेल.

रत्नागिरी हे काही खेळ न कळणारं गाव नाही. ऐश्वर्या सावंत, आरती कांबळे यांच्यासारख्या खो-खोपटू इथल्या, कॅरममध्ये आकांक्षा कदम इथली. कॅरमला मैदान लागत नाही, पाऊस आड येत नाही, बोर्ड गल्लोगल्ली पडलेले आहेत. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये बोची नावाचा एक खेळ असतो. आधी एक छोटा चेंडू टाकायचा आणि मग मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ घरंगळवायचे. कॅरमवाल्या माणसाला तो पाच मिनिटांत कळेल आणि ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावर जागेला तोटा नाही. तिथेच युनिफाइड पद्धतही जमेल, म्हणजे एका संघात निम्मे बौद्धिक अक्षम खेळाडू आणि निम्मे तुमच्याआमच्यासारखे. या पद्धतीत कौतुक करत काठावर उभं राहता येत नाही. आपलाच भिडू असल्यावर चुकला तर ओरडावं लागतं आणि तोही आपल्यावर ओरडतो.

तेव्हा रत्नागिरीतल्या कॅरम आणि खो-खो मंडळांना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस, संध्याकाळचे दोन तास, अठरा वर्षांवरच्या या खेळाडूंसाठी ठेवा. विशेष शिक्षकांपैकी कुणाला तरी सोबत घ्या, हजेरीपट ठेवा, गट पाडा आणि गुण लिहा. आणि बाकीच्यांनी येत्या डिसेंबरात जिल्हा स्पर्धेला जरूर यावं. पुष्पगुच्छ, केळी, बिस्किटांचे पुडे आणू नयेत. एखादी शाळा निवडावी, तिच्या बाजूनं घसा बसेपर्यंत ओरडावं आणि ती हरली तर थोडं वाईटही वाटून घ्यावं.